परळपर्यंत कशाला?

दहिसरमधल्या एखाद्याने दारू सोडायचे मनावर घेतले, की घरचे आधी शपथ घालतात, मग गळ्यात माळ घालतात आणि तरीही जमले नाही तर परळच्या केईएम रुग्णालयाची वाट दाखवतात. माळेला आम्ही नावे ठेवणार नाही. तिने कित्येक संसार तारले आहेत. पण पगाराच्या संध्याकाळी दोस्ताने ‘चल, एकच’ म्हटले तर काय बोलायचे, घरात भांडण झाले की पाय गुत्त्याकडे का वळतात, हे शपथ शिकवत नाही. वर्तनोपचार नेमके तेच शिकवतात. ओढ केव्हा, कोणाच्या संगतीत उठते ते हुडकायचे, ती ओसरेपर्यंत तग धरायचा, नकाराचा चक्क सराव करायचा. एकदा घसरले म्हणजे सगळे मुसळ केरात, असे न मानणे हाही उपचारच.

याला मोठा तज्ज्ञच हवा, हा समज शेजारच्या गोव्यात खोटा ठरला. ‘संगत’ संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी केलेली चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले; बैठका फार तर चार. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के घातक पिण्यातून बाहेर आले होते, समुपदेशन न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. वर्षभरानंतरही फरक टिकला. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रातही व्यसनातून बाहेर पडलेले लोकच कार्यकर्ते होऊन इतरांना हात देतात.

अर्थात, सकाळी उठताच घोट लागणाऱ्याचे यावर भागणार नाही. त्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो; त्याला आधी रुग्णालयच हवे. पण तिथून घरी आल्यावरचे महिने तो दहिसरमध्येच काढणार ना?

दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला उपचार मिळतात, असे २०१९ चा राष्ट्रीय पाहणी अहवाल सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकारही आपल्या कक्षेत घेतले आणि उपचार हा हक्क ठरवला. रोजंदारी बुडवून लोकलने परळ गाठावे लागत असेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. मुंबई महापालिकेने ‘आपला दवाखाना’ वस्तीवस्तीत नेला, ते चांगलेच केले. आता दहिसर ज्यात येते त्या आर उत्तर विभागापासून सुरुवात करून या दवाखान्यांत आठवड्यातून किमान दोन संध्याकाळी प्रशिक्षित समुपदेशक बसवावा, दार लावून बोलता येईल अशी खोली द्यावी आणि बायकोला, आईलाही स्वतंत्र वेळ ठेवावी. पुढच्या अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळी तरतूद दिसली पाहिजे.