परार्थ

स्वार्थाच्या विरुद्ध शब्द कोणता, असे विचारले की आपण पटकन ‘परमार्थ’ म्हणतो. पण ‘स्व’च्या समोर उभा राहतो तो ‘पर’, म्हणजे दुसरा माणूस. म्हणून खरा शब्द ‘परार्थ’. परमार्थातला ‘परम’ म्हणजे सर्वश्रेष्ठ. तिथे शेजारी असेलच असे नाही. फ्रेंच विचारवंत ऑगस्त काँतने एकोणिसाव्या शतकात ‘अल्ट्रूइझम’ हा शब्द रूढ केला, तोही ‘दुसरा’ याच अर्थाच्या मुळातून.

हा विषय जालना जिल्ह्याला जवळचा आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली समर्थ रामदास जन्मले. प्रपंच टाकून परमार्थाला लागणाऱ्याला त्यांनी दासबोधात स्पष्ट सुनावले आहे.

मला परार्थ सर्वांत ठळक दिसतो तो याच जिल्ह्यातल्या कडवंची गावात. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून तिथे माथा ते पायथा कामे झाली. वरच्या शेतकऱ्याने बांध घालायचा आणि खालच्याची विहीर भरायची, असा पाणलोटाचा हिशेब असतो. पुढे गावात शेततळी आली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. शेततळे एकाचे, त्यात उपसून भरलेले भूजल मात्र सगळ्यांचे. मग उपशाची मर्यादा कोणी ठरवायची? याच प्रश्नावर या अंकात शेतकऱ्यांनाच लिहिते केले आहे.