परदेशांतील थंडी आणि घरचा हिशेब

गेल्या मार्गशीर्षांत चार दिवस आमचा मुक्काम भातसानगरास होता. आमचे एक जुने स्नेही पाटबंधारे खात्यांत नोकरीस असल्यामुळें तेथील धरणाच्या वसाहतींत राहतात. मुंबईकरांच्या घरीं नळानें जें पाणी येतें, त्याचा फार मोठा वांटा याच भातसा नदीचा. शहापूर तालुक्यांतील हा भाग पावसाळ्यांत ओला चिंब असतो. थंडी मात्र बेताचीच. पहाटेस अंगावर एक शाल ओढली कीं तिचा बंदोबस्त होतो. स्नेह्यांचे वडील चिरंजीव कॅनडा देशांत टोरांटो शहरीं नोकरीस आहेत. ते तीन वर्षांनीं प्रथमच घरीं आले होते, आणि आम्ही गेलों त्या दिवशीं त्यांच्या परतीची बांधाबांध चालली होती.

पुढच्या खोलींत दोन मोठ्या बॅगा उघड्या पडल्या होत्या. दीड डझन बनियनें, सहा पँटी, आठ सदरे, सूनबाईंसाठीं शिवून आणलेले पंजाबी ड्रेस, परकर, ब्लाउज, शिवाय दोन पलंगपोस, असा सरंजाम आसनगांवहून लोकलनें कल्याणास दोन खेपा घालून जमविलेला होता. प्रत्येक बॅग तेवीस किलोंच्या आंत बसली पाहिजे, म्हणून कांटा हातीं घेऊन वजन चाललें होतें. आजी कोपऱ्यांत वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं विचारलें, "काय रे बाळ, तुमच्या त्या गांवीं कापडाचें दुकान नाहीं वाटतें?"

"आहेत आजी, पुष्कळ आहेत. पण तिथल्या एका पँटच्या पैशांत कल्याणांत चार येतात."

हें ऐकून त्यांच्या मातोश्रींस धन्यता वाटली. आमच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "पहिल्या हिवाळ्यांत तर यानें तिकडे कोटसुद्धां घेतला नाहीं हो! इथून नेलेल्या जाकिटावरच सारे दिवस काढले. हल्लीं इतका काटकसरी मुलगा कुठें पाहायला मिळतो?" आमच्या तोंडीं होकार येणारच होता. परंतु चिरंजीवांनीं मान खालीं घातली, आणि न लागणारी बॅगेची चेन ते उगाच ओढूं लागले.

आजींच्या नजरेंतून तें सुटलें नाहीं. "आणि थंडी नाहीं वाजली?" एवढेंच त्यांनीं विचारलें, आणि दोन वर्षें घरापासून लपविलेली गोष्ट बाहेर आली. टोरांटोस जानेवारींत पारा कधीं कधीं शून्याखालीं वीस अंशांवर जातो. रोज बसची वाट पाहत उभें राहावें लागे. प्रथम खोकला झाला, मग ताप आला, शेवटीं फुफ्फुसास सूज असल्याचें निदान झालें. डॉक्टरांचा खर्च प्रांताच्या आरोग्यविम्यांतून निघाला. परंतु औषधें पदरचीं घ्यावीं लागलीं, आणि नोकरी कंत्राटाची असल्यामुळें कामाचे नऊ दिवस बिनपगारी गेले. या काळांतही दर रविवारीं ते घरीं दूरध्वनीवर बोलत होते, आणि "बरा आहें" असें सांगत होते.

कोट कां घेतला नाहीं? त्यांनीं सांगितलें तें असें. दुकानांतील चांगल्या कोटाची किंमत अडीचशें डॉलर. त्यावर तेरा टक्के कर, म्हणजे दोनशें ब्याऐंशी डॉलरांवर कांहीं सेंट. तीन वेळां ते त्या दुकानांत जाऊन परत आले. प्रत्येक वेळीं मनांत रुपयांचा गुणाकार होई, सतरा हजारांवर आकडा जाई, आणि धाकट्या बहिणीच्या महाविद्यालयाची फी डोळ्यांसमोर उभी राही. येथें घेतलेलें जाकीट अठराशें रुपयांचें होतें. सतरा हजार आणि अठराशें यांत कोणता आकडा निवडावा, हें आपल्या घरांत वाढलेल्या मुलास शिकवावें लागत नाहीं.

आमच्या मतें चूक याच गुणाकारांत आहे. घरीं पाठवावयाच्या पैशांचा हिशेब रुपयांत करावा, तें योग्यच. परंतु जेथें राहावयाचें आणि जेथें मिळवावयाचें, तेथील गरजेचें माप तेथील मजुरीनेंच घेतलें पाहिजे. टोरांटो ज्या ओंटारिओ प्रांतांत आहे, तेथें १ ऑक्टोबर २०२५ पासून किमान वेतन तासास १७ डॉलर ६० सेंट झालें. म्हणजे अगदीं किमान वेतनावरील माणसासही तो कोट सोळा तासांच्या, दोन दिवसांच्या कामांत पडतो. असा कोट सहा हिवाळे सहज टिकतो. हिवाळ्याचे चार महिने धरले तर दिवसास चाळीस सेंटही पडत नाहींत. अठराशें रुपयांचें जाकीट एकाच हिवाळ्यांत निकामी झालें. धुतल्यावर त्यांतील भरण गोळा होऊन कोपऱ्यांत बसलें. नुसत्या भागाकारानें पाहिलें तर रोजच्या हिशेबांत जाकीट तरीही थोडें स्वस्तच दिसेल, हें आम्ही कबूल करतों. परंतु बुडालेल्या नऊ दिवसांची मजुरी, किमान दरानें धरली तरी, तसल्या चार कोटांहून अधिक होते. शरीराची झीज तर कोणत्याच वहींत लिहिली जात नाहीं.

हा प्रश्न आजचाच आहे असें नाहीं. आमच्या याच ठाणें जिल्ह्यांतील कल्याण गांवच्या, १८६५ सालीं जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ सालीं कलकत्त्याहून अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकतांना आहार आणि पेहराव आपलाच ठेवावयाचा, असा त्यांचा निश्चय होता. परंतु नऊवारी लुगड्यांत पोटऱ्या उघड्या राहतात, आणि तिकडील हिवाळ्यांत तें निभणें शक्य नव्हतें. तेव्हां त्यांनीं गुजराती पद्धतीनें साडी नेसण्यास आरंभ केला. त्या काळच्या महाराष्ट्रीय ब्राह्मण स्त्रीस हा बदल लहान नव्हता. त्यांच्या खोलींतील शेगडी सदोष होती. पेटविली तर धूर, न पेटविली तर गारठा, अशी त्यांची स्थिति असे. १८८६ सालीं त्यांनीं पदवी मिळविली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुणें येथें क्षयानें त्यांचा अंत झाला. तो कपड्यांमुळें झाला असें कोणी म्हणूं नये. आम्हांस सांगावयाचें तें इतकेंच कीं, इतक्या निश्चयी बाईंनींही देशाच्या हवेपुढें नेसणें बदललें, आणि त्यामुळें त्यांच्या निष्ठेस उणेपणा आला नाहीं.

येथें कोणी असें समजूं नये कीं, महाग तें चांगलें असा आमचा उपदेश आहे. चिरंजीवांनीं घरांतील मुलांसाठीं टी-शर्ट आणले होते. काकूंनीं ते उलटून पाहिले, तों एकावर "मेड इन बांगलादेश" आणि दुसऱ्यावर चक्क "मेड इन इंडिया"! सर्वजण हंसले. परंतु त्या चिठ्ठ्यांमागें मोठा इतिहास आहे. १९७४ पासून कोणत्या देशानें श्रीमंत देशांत किती कपडे पाठवावे यावर मर्यादा घातलेली होती. १ जानेवारी २००५ पासून ती उठली, आणि जेथें मजुरी सर्वांत कमी तेथें शिवणकाम वेगानें सरकलें. तिकडे कपडे स्वस्त झाले ते असे. २४ एप्रिल २०१३ रोजीं ढाक्याजवळ सावर येथें राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेंहून अधिक माणसें मेलीं. बहुतेक शिवणकाम करणारीं, आणि त्यांत स्त्रियाच अधिक. आदल्या दिवशीं भिंतींस तडे गेलेले सर्वांनीं पाहिले होते, तरी त्यांस कामावर बोलाविलें गेलें. दोन धुण्यांत विटणारा टी-शर्ट पांच डॉलरांस मिळाला म्हणून डझनानें घ्यावा, याला काटकसर म्हणतां येत नाहीं. त्याची उरलेली किंमत दुसऱ्या कोणीं तरी दिलेली असते.

मग पारख कशी करावी? आपल्या घरांतील वडील स्त्रियांस ती येतेच. तीच विद्या परदेशीं उपयोगी पडते. कापड उजेडासमोर धरावें. वीण विरळ व वेडीवांकडी दिसली तर सोडावें. शिवण दोन्ही हातांनीं हलकेंच ताणावी. टांक्यांमधून उजेड दिसला तर ती लौकर उसवणार. उलटून आंत पाहावें. शिवणींत वाढीव कापड ठेवलेलें असतें, ज्याला शिंपी "माया" म्हणतात, तें आहे काय? माया असली तर कपडा सैल करतां येतो आणि वर्षें वाढतात. नांवाची चिठ्ठी सर्वांत शेवटीं वाचावी.

येथून काय न्यावें आणि तेथें काय घ्यावें, याचाही विवेक हवा. शिवून घेण्याचे कपडे, ब्लाउज, परकर, उन्हाळ्याचे सुती सदरे हें सर्व येथूनच न्यावें; तिकडे नुसती पँट आंखूड करून घेण्यासही शिंपी पंधरा-वीस डॉलर घेतो, असें चिरंजीव सांगत होते. सुई, दोरा आणि चार बटनें बॅगेंत असूं द्यावीं. पलंगपोस मात्र तिकडील गाद्यांच्या मापाचे असतील तरच न्यावे. कोट, बूट, हातमोजे आणि अंगालगतचे गरम कपडे तेथेंच घ्यावे. सुती बनियन घरांत उत्तम. परंतु कडाक्याच्या थंडींत चालून घाम आला म्हणजे सूत तो धरून ठेवतें आणि अंग गार पडतें. लोंकर ओलसर झाली तरी ऊब देते. कपडे वाळविण्याच्या यंत्राच्या जाळींत कापसासारखा जो थर जमतो, तो आपल्याच कपड्यांची झीज होय. घरांत दांडीवर वाळत घातले तर वीज वांचते आणि कपडाही टिकतो.

वापरलेल्या कपड्यांविषयीं आपल्या घरांतून संकोच आहे. परंतु थोरल्याचा सदरा धाकट्यास, आणि जुन्या लुगड्यांची गोधडी, ही आपलीच रीत नव्हे काय? मुलांचे बर्फांत घालावयाचे कपडे एका हिवाळ्यांत आंखूड होतात. चिरंजीवांच्या ओळखींतील चार मराठी कुटुंबें ते एकमेकांच्या मुलांस देतात. एकत्र कुटुंबाचा हा एक गुण त्यांनीं समुद्रापार नेला, याचा आम्हांस संतोष वाटला.

आतां आम्हां वडील मंडळींविषयीं दोन शब्द. मुलानें आजार लपविला, याचा दोष एकट्या त्याचा नाहीं. ज्या घरांत "किती शिल्लक पडले?" हा प्रश्न आधीं विचारला जातो आणि न घेतलेल्या कोटाचें चारचौघांत कौतुक होतें, त्या घरीं मुलगा थंडीची गोष्ट कशी सांगणार? काटकसर हा आपल्या घरांचा मोठा गुण. तिच्यावर कित्येकांचीं शिक्षणें झालीं. परंतु काटकसर म्हणजे नको तें टाळणें. हवें तें टाळणें ही उपासमारच, मग ती पोटाची असो वा अंगाची. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें थंड देशांत आहेत, त्यांनीं पुढील रविवारीं प्रथम अंगावर काय घालतोस, पायांत काय घालतेस, हें विचारावें. पैशांची गोष्ट मागाहून.

त्या दिवशीं मातोश्री बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. धाकट्या कन्येचेंही पुढील वर्षीं शिक्षणासाठीं तिकडेच जाणें ठरत आहे. संध्याकाळीं दिवा लावून झाल्यावर त्यांनीं तिच्या खर्चाची वही काढली. तींत विमानाचें तिकीट, फी, खोलीचें भाडें असे आंकडे आधींच मांडलेले होते. त्यांच्या वर जी थोडी जागा कोरी होती, तेथें त्यांनीं लिहिलें, "कोट आणि बूट", आणि पुढें रक्कम किती घालावी हें मुलास विचारलें.