ऊन फुकट, पण टाकी कोणाची?

आमच्या काही पुरोगामी मित्रांना सध्या सूक्ष्म शेवाळाने भुरळ घातली आहे. जर्मनीतील बीलेफेल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली ‘क्लॅमिडोमोनास’ या एकपेशीय शेवाळात पचौलीचे जनुक बसवून त्या तेलातील मुख्य सुगंधी द्रव्य उन्हाच्या बळावर तयार करून दाखविले. शास्त्रज्ञांची ही कर्तबगारी निर्विवाद आहे. परंतु ‘ऊन सर्वांचे, तेव्हा हे तंत्रही आपोआप गरिबांचे होईल’ हे अनुमान अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातच कोसळते. टाकी, वीज, अर्क वेगळा काढण्याची यंत्रणा आणि त्या वाणावरील पेटंट यांपैकी काहीच फुकट नसते. मानवनिर्मित सूक्ष्मजीवाचे पेटंट घेता येते, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चक्रवर्ती खटल्यात १९८० सालीच दिला आहे.

आपल्याकडे हा खेळ एकदा होऊन गेला आहे. १८९७ साली ‘बीएएसएफ’ या जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि नैसर्गिक निळीचे भाव कोसळले. तोटा मळेवाल्यांनी सोसावयास हवा होता. चंपारणच्या गोऱ्या मळेवाल्यांनी मात्र विघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ पेरण्याच्या सक्तीतून रयतेला ‘मुक्त’ केले आणि त्या मुक्तीची किंमत वसूल केली. कोठे खंड वाढवून, म्हणजे ‘शरहबेशी’, तर कोठे रोख ‘तावान’ घेऊन. जर्मन कारखान्याने पाडलेला भाव अखेर बिहारच्या कुळाने भरून दिला! १९१७ साली गांधीजींनी तेथे जी गाऱ्हाणी नोंदविली, त्यांत हे एक प्रमुख होते.

आज पचौलीचे बहुतेक तेल इंडोनेशियातील लहान शेतकरी पुरवितात. उद्या भाव पडला तर त्यांचे गाऱ्हाणे कोण नोंदविणार? कोलंबियातील कॅली येथे ठरलेला निधी फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाला. जनुकीय माहितीवर कमावणाऱ्या बड्या कंपन्यांनी त्यात नफ्याचा एक टक्का किंवा महसुलाचा दशांश टक्का भरावा, असे त्यात म्हटले आहे. भरावा, म्हणजे मर्जी असेल तर. (चंपारणचा तावान मर्जीवर नव्हता.)

बीलेफेल्डच्या प्रयोगात एक ग्रॅम कोरड्या शेवाळामागे जेमतेम मिलिग्रॅमभर द्रव्य मिळाले. कंपन्यांची गुंतवणूक अडकलेली नाही, तोवरच हा निधी सक्तीचा करा, त्यातील वाटा थेट उत्पादकांच्या सहकारी संस्थांना द्या, सार्वजनिक पैशातून घडलेले वाण खाजगी मालकीत जाऊ देऊ नका, या मागण्या कार्यकर्त्यांनी रेटल्या पाहिजेत.