जॉब कार्डावर सही करण्याआधी

मोटारीच्या सर्व्हिसिंगमध्ये केव्हा काय करायचे, हे गाडीसोबत मिळणाऱ्या ओनर्स मॅन्युअलमधल्या तक्त्यात छापलेले असते. भारतातल्या बऱ्याच पेट्रोल मोटारींची पाळी वर्षाने किंवा १०,००० किलोमीटरनंतर येते. आधी जे होईल ते धरायचे. सर्व्हिस सेंटरवर विश्वास ठेवण्यापूर्वी हा तक्ता वाचायला हवा, कारण तिथे जॉब कार्ड, म्हणजे करायच्या कामांची यादी, लिहिताना तक्त्याबाहेरची कामेही सुचवली जातात: डिकार्बनायझिंग (इंजिनात साचलेला कार्बन काढणे), इंजेक्टर क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग. कोकण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाडीला कोटिंगचा उपयोग होतो. पण कोणतेही लक्षण नसताना वर्षभराच्या गाडीचे डिकार्बनायझिंग करणे म्हणजे मालकाच्या अज्ञानाचे पैसे करणे होय. ‘हे काम तक्त्यात कुठे आहे?’ असे सहीआधी विचारणे आणि काढलेले जुने भाग परत मागणे, हा ग्राहकाचा हक्क आहे.

काही कामे घरी सहज होतात. एअर फिल्टर बहुतेक गाड्यांत क्लिपा काढल्या की हाती येतो. एसीचा फिल्टर बहुधा ग्लोव्ह बॉक्समागे असतो. वायपरची पाती बदलणे, डिपस्टिकवर ऑइलची पातळी पाहणे, टायर थंड असताना हवा तपासणे हेही घरचेच काम. इंजिन तापलेले असताना कूलंटचे झाकण मात्र कधीही उघडू नये.

ऑइल बदलणे त्यामानाने जोखमीचे. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली शिरणे जिवावर बेतू शकते. भक्कम स्टँड हवेतच. ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमधलाच घ्यावा. ड्रेन प्लग सैल राहिला तर गळती होते, अति आवळला तर आटे जातात. जुने ऑइल हा घातक कचरा आहे. गटारात न ओतता ते डब्यात भरून, जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. ब्रेकचे काम घरी करूच नये. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्याचा उत्कलनबिंदू घटतो आणि घाट उतरताना ब्रेक दगा देऊ शकतात. म्हणून अनेक कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. एअरबॅगलाही हात लावू नये.

उरतो वॉरंटीचा प्रश्न. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने मिळू न देणे, हा मुख्य ठपका होता. बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आयोगाने बजावले. कंपन्यांनी दंडाविरुद्ध दाद मागितली. प्रत्यक्षात वॉरंटी असेपर्यंत तक्त्यातली सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच करून घेणे सोयीचे पडते, कारण दाव्याच्या वेळी तिथली नोंद पुढे करता येते. वॉरंटी संपल्यावर घरी काम करणाऱ्यानेही ऑइल-फिल्टरची बिले जपावीत आणि त्या दिवशीचे किलोमीटर वहीत टिपून ठेवावेत. गाडी विकताना घेणारा हीच नोंद मागतो.