‘स्माइल’ : दंतकथेला तारखांचे उत्तर

१/ बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ बाजारात आला, ब्रायन विल्सन खचले आणि बीच बॉइजचा ‘स्माइल’ अल्बम अर्ध्यावर राहिला, असे आजही सांगितले जाते. तारखा मात्र या कथेला साक्ष देत नाहीत.

२/ ‘स्माइल’ गुंडाळल्याचे वृत्त ६ मे १९६७ रोजी छापून आले. ‘सार्जंट पेपर’ प्रकाशित झाला त्या महिन्याच्या अखेरीस!

३/ खरी कारणे रूक्ष आहेत : रॉयल्टीवरून कॅपिटॉल कंपनीशी न्यायालयीन लढा, गीतांच्या शब्दांवरून बँडमधील मतभेद, गीतकार व्हॅन डाइक पार्क्स यांची माघार, विल्सन यांचे ढासळते मनःस्वास्थ्य.

४/ एका प्रहारात प्रतिभावंत कोसळला, हे नाट्य आहे, इतिहास नव्हे. विल्सन यांनी २००४ मध्ये ‘स्माइल’ नव्याने ध्वनिमुद्रित करून पूर्ण केला. सदतीस वर्षांनंतरची ही पूर्तता दंतकथेच्या सोयीची नाही, म्हणूनच ती सांगितली पाहिजे.