थर्मिस्टर : ‘दहा के’ एवढे सांगून भागत नाही

तापमान बदलले की ज्याचा रोध ठळकपणे बदलतो, तो थर्मिस्टर. साध्या रोधकात हा बदल दोष मानला जातो, इथे तोच उपयोगी पडतो. तापल्यावर रोध घटतो तो एनटीसी, वाढतो तो पीटीसी. सिल्व्हर सल्फाइड तापवले की वीज अधिक सहज वाहते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्येच नोंदवले होते. व्यवहारात वापरता येईल असा घटक मात्र सॅम्युएल रुबेन यांनी १९३० मध्ये घडवला.

थर्मिस्टर हे मुळात कुंभारकाम आहे. एनटीसीसाठी मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडची भुकटी दाबून हजार-बाराशे अंशांच्या भट्टीत भाजतात. मिश्रणाचे प्रमाण किंवा भट्टीची आच थोडी चुकली तरी रोध वेगळा येतो. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे कुंभार संत गोरोबाकाकांचे गाव. तिथल्या जुन्या विटा इतक्या सच्छिद्र आहेत की पाण्यावर तरंगतात, आणि लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन मृण्मूर्ती आहेत. मातीत काय मिसळावे आणि ती किती भाजावी यावर वस्तूचा गुण ठरतो, हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. याच संग्रहालयात तेरची प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्तीही आहे. हस्तिदंताला तापमान-आर्द्रतेचे चढउतार मानवत नाहीत. यातले तापमानाचे चढउतार टिपणाऱ्या छोट्या नोंदयंत्रांत अनेकदा एनटीसी असतो.

भाजलेल्या ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉन एका मँगनीज आयनावरून शेजारच्या आयनावर उड्या मारत जातात. उष्णता वाढली की उड्या सोप्या होतात आणि रोध झपाट्याने उतरतो. २५ अंशांच्या आसपास दर अंशाला हा बदल सुमारे चार टक्के असतो; प्लॅटिनमच्या पीटी-१०० सेन्सरमध्ये तो ०.४ टक्क्यांहूनही कमी. म्हणून थर्मिस्टरला लांब वायरचा रोध फारसा भोवत नाही आणि मोजणारे सर्किटही स्वस्तात होते. मात्र त्याचा आलेख सरळ रेषेत जात नाही. तो दोन आकड्यांवरून ओळखायचा : २५ अंशांवरचा रोध आणि उताराची तीव्रता सांगणारा बी-स्थिरांक. अधिक अचूकतेसाठी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेले स्टाइनहार्ट-हार्ट समीकरण वापरतात.

दुरुस्तीच्या कामात यातला दुसरा आकडा, म्हणजे बी, हमखास विसरला जातो. दूध संकलन केंद्रातील बल्क कूलरचे उदाहरण घ्या. दूध ४ अंशांवर ठेवायचे आहे. कंट्रोलर १० किलोओहम (बोलीत ‘दहा के’), बी ३४३५ यासाठी बनवलेला आहे आणि बदलताना बसवला १० किलोओहम, बी ३९५०. पंचवीस अंशांवर दोन्ही तंतोतंत जुळतात, त्यामुळे टेबलावर तपासताना काहीच खटकत नाही. पण डिस्प्लेवर ४ दिसत असताना दूध साडेसहा अंशांवर असते. उलट अदलाबदल झाली तर तेच दूध सुमारे १ अंशापर्यंत उतरते, वीज वाया जाते आणि कडेला बर्फ धरण्याची भीती राहते. दोष सेन्सरचा नसतो, निवडीचा असतो.

दुसरी चूक जागेची. सेन्सर पॉकेटमध्ये सैल बसला की तो दुधाचे नव्हे, पॉकेटमधल्या हवेचे तापमान सांगतो. तिसरी, मोजणाऱ्या प्रवाहामुळेच सेन्सर तापणे. पाच व्होल्टवर १० किलोओहमच्या जोडीला बसवलेल्या १० किलोओहमच्या थर्मिस्टरमध्ये ०.६ मिलिवॅटहून थोडी अधिक शक्ती खर्च होते. लहान मण्यासारख्या थर्मिस्टरमध्ये स्थिर हवेत तेवढ्यानेही काही दशांश अंशांचा फरक पडतो. ओल शिरली तर रोध घटतो आणि यंत्र खोटी उष्णता दाखवते. ओलसर जागी काचेत बंद केलेला मणीच घ्यावा.

पीटीसीचा स्वभाव वेगळा. तो बहुधा बेरियम टायटॅनेटचा असतो आणि सुमारे १२० अंशांजवळ त्याचा रोध एकदम हजारो पटींनी चढतो. हे तापमान स्ट्रॉन्शियम मिसळून खाली आणता येते, शिसे मिसळून वर नेता येते. फ्रिजच्या कॉम्प्रेसरमध्ये तो स्टार्टिंग वाइंडिंगला जोडलेला असतो : सुरुवातीला प्रवाह जाऊ देतो, मग तापून स्वतःच तो जवळजवळ तोडतो. लाइट जाऊन लगेच आली तर पीटीसी अजून गरमच असतो, कॉम्प्रेसर उठत नाही आणि ओव्हरलोड पडतो. तीन-पाच मिनिटे थांबायला सांगतात ते यासाठी.

वीजपुरवठ्याच्या सर्किटमधल्या एनटीसीलाही हीच खोड बाधते. सुरुवातीचा प्रवाहाचा झटका आवरण्यासाठी तो बसवतात; ‘५डी-९’ म्हणजे २५ अंशांवर ५ ओहम, व्यास ९ मिलिमीटर. क्षणभर वीज जाऊन परतली की गरम एनटीसी झटका रोखू शकत नाही, आणि फ्यूज किंवा रेक्टिफायर जातो. ग्रामीण भागात अशा बिघाडांत नुसता फ्यूज बदलण्याआधी त्या फीडरवरची लाइट किती वेळा लपंडाव खेळते, हे विचारणे शहाणपणाचे.

तपासणीसाठी महागडे साधन लागत नाही. वितळत्या बर्फाच्या पाण्यात सेन्सर काही मिनिटे धरावा. १० किलोओहमचा थर्मिस्टर बी ३९५० चा असेल तर मल्टिमीटरवर ३३ किलोओहमच्या आसपास, ३४३५ चा असेल तर २८ च्या आसपास आकडा येतो. सुटे भाग मागवताना २५ अंशांवरचा रोध आणि बी, दोन्ही आकडे लिहूनच मागवावेत.