पाढ्यांच्या पानाला आणखी एक पान जोडा

मा. संचालक,
बालभारती, पुणे



मी प्राथमिक शिक्षिका आहे. तिसरीतली मुलं सातचा पाढा खणखणीत म्हणतात. त्यांनाच मध्येच ‘सात आठे?’ विचारलं, की कितीतरी जणं ‘सात एके सात’पासून सुरुवात करून बोटं मोजत छप्पन्नला पोचतात. पाठांतर वाईट नाही. संध्याकाळचा परवचा घराघरांतून गेला याचं मला दुःखच आहे. पण चालीवर पाठ केलेलं चालीवरच आठवतं. सुटं उत्तर हवं असेल, तर ते सुटंच विचारावं लागतं: आज, दोन दिवसांनी, मग आठवड्याने, क्रम मोडून.

आणि पाठ करायचं असतं तरी किती? एक ते दहाच्या पाढ्यांत १०० गुणाकार आहेत. चिंचोक्यांच्या आठ-आठच्या सात ओळी मांडा आणि मुलाला बाजूला येऊन बघायला सांगा. सात-सातच्या आठ ओळी दिसतात. सात आठे आणि आठ साती एकच, हे असं डोळ्यांनी पटलं की ५५ उरतात. त्यातून एक, दोन, पाच आणि दहाचे सोपे पाढे काढले, की राहतात फक्त २१. ‘तीस पाढे पाठ कर’ ऐकून रडवेल्या झालेल्या मुलाला हा आकडा सांगून बघा!

बेरजेचं दुखणं त्याआधीचं. पहिलीतच दहाच्या जोड्या (७ आणि ३, ६ आणि ४) पक्क्या झाल्या, तर ८ + ५ करताना मूल पाचातले दोन आठाला देतं आणि तेरा म्हणतं. नाहीतर हातच्याच्या गणितात त्याचं सगळं लक्ष बोटांवर जातं आणि हातचा विसरतो.

‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत अंकज्ञान मिळावं असं ठरवलं आहे. म्हणून विनंती: पाढ्यांच्या पानासमोर त्या २१ गुणाकारांचं, क्रम मोडलेलं एक पान छापा. शिक्षकांसाठीच्या सूचनांत रोजची पाच मिनिटं तोंडी विचारण्यासाठी राखा. आणि घड्याळ लावून सगळ्या वर्गासमोर एकट्या मुलाला उभं करू नये, हे तिथे स्पष्ट लिहा. भीतीने येत असलेलंही आठवत नाही, हे मी रोज बघते. मुलांसाठी चित्रं, सजावट कमी झाली तरी चालेल, हे पान मात्र हवं.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका